पाच नंबरचा उतार

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे जिना उतरताना आता कुरकुरत नसतील आणि रक्तदाब औषधाचं ऐकत असेल, असं धरून चालते. आम्ही दोघं धडधाकट आहोत. (तू आठ दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावर अक्षर मुद्दाम यांचं घातलंय, म्हणजे निदान फोडशील तरी.)

तर तो रविवार. चौतीस वर्षं अर्ध्या शहराला गाडी शिकवून तू निवृत्त झालीस, त्याचं जेवण, बरोबर एक वाजता, फक्त आपण तिघं. आणि आम्ही आलो नाही. वर बाबांकडून तुझा निरोप आला, "हात हलवायला वेळ आहे त्यांना, जेवायला नाही." म्हणून झालं ते सगळं सांगते.

आम्ही बारालाच निघालो होतो. बाजारातून यायचं तर पाऊण तास, आणि नव्या महामार्गाने शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा मिनिटं, असं पाटीवरच लिहिलंय. तुझ्या घरासाठी महामार्गावरून खाली यायचा पाच नंबरचा उतार. हे गाडी चालवत होते, मी शेजारी, मांडीवर आइस्क्रीमचा डबा. चार नंबर गेला. यांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं आणि तुझी शिकवण आठवली, "मागचा पुढे गेल्याशिवाय वळायचं नाही." (आमची ओळखच मुळी तुझ्या शिकाऊ गाडीतली, एकाने चालवायचं, दुसऱ्याने मागे बसून आपली पाळी यायची वाट बघायची, आणि तू दोघांनाही सारखंच झापायचीस.) बाजाराच्या बोळात मागे फार तर एक टेम्पो असतो. महामार्गावर, आत्या, मागचे संपतच नाहीत. यांनी सगळ्यांना अगदी मानाने वाट दिली आणि पाच नंबर डोळ्यांदेखत मागे पडला.

मग लगेच तुझी गॅलरी. रस्ता तिच्या इतका जवळून जातो की दोरीवरचे टॉवेल मोजता आले. तू कठड्याशी उभी. नुसतं बघत पुढे जाणं बरं दिसेना, म्हणून हात हलवला. तूही हलवलास. शेवटच्या टोकाला सिमेंटच्या गोदामापाशी वळलो, तर परतीच्या बाजूला पाच नंबरला उतारच नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. (तीनला किंवा चारला का उतरलो नाही, विचारशील. तिथेही मागचे होतेच. आणि फोन दोघांचेही घरी. गाडीत फोन नको, हीही तुझीच शिकवण.) दुसऱ्या फेरीला तुझा एक हात कमरेवर होता, तिसऱ्या फेरीला दोन्ही. चौथ्या फेरीला तू पाठ फिरवलीस. तरी हात हलवलाच, कारण आता न हलवणं जास्त वाईट दिसलं असतं. पाचव्या वेळी गोदामाचा रखवालदार खुर्चीवरून उठला, त्याने फाटक पुरतं उघडलं आणि काही हरवलंय का, असं आपुलकीने विचारलं. मला हसू फुटलं ते आवरेना, यांनाही फुटलं, आणि तोवर आइस्क्रीम डब्यातून निघून मांडीवरून थेट चपलेत पोचलं होतं. दोन वाजून गेले होते. अशा अवतारात तुझ्या दारात कसं उभं राहायचं, म्हणून घरी गेलो. घराचा उतार मात्र पहिल्या फटक्यात सापडला. (तिथे रस्ताच संपतो.)

यांना चार शब्द सुनाव, हवं तर आठ, पण माझ्याशी बोल.

तुझी भाची

ता. क. : गाडी मी चालवत होते. हे शेजारी बसून, आता वळ, असं पाचही वेळा शांतपणे सांगत होते. हलणारा हात यांचा, आइस्क्रीमची मांडीही यांचीच. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते, तेवढं तरी शिकले मी.

ता. क. २ : तुझ्या रागाला भिऊन यांच्यावर ढकललं नाही गं. माझी भाची कुठेही गाडी नेईल, असं तू भेटेल त्याला सांगतेस, आणि मला तुला खोटं पाडायचं नव्हतं. पण पाच नंबर आला की माझ्याने गाडी खरंच वळवत नाही. येत्या रविवारी माझ्या शेजारी बसशील? शिकवू नकोस, ते तू सोडलंस. नुसती बस. तुला घ्यायला बाजारातूनच येईन, म्हणजे नक्की पोचेन.