रुमालाखालचं बोट

बाबा, आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी धाड गावच्या घरी जेवताना काकांचा उजवा हात आपोआप उडू लागला. घास ताटाबाहेर पडला.
२. काकूने मला गंमत म्हणून फोन केला. "बाजार सुटला, पण तुह्या काकाचा हात अजून सौदेच करून राह्यला!"
३. मी म्हटलं, जेवण राहू दे, त्यांना जीपमध्ये बसव, लगेच बुलढाण्याला आण.
४. एमआरआय मीच काढला. तेच माझं काम आहे. मेंदूत खोलवर, डावीकडे, एक छोटा ठिपका. स्ट्रोक.
५. औषधाने हात बराच थांबला. म्हणून काकांना आता घरी जायचं आहे.

डॉक्टर राहा म्हणतात. हात आपोआप हलणं ही पहिली खूण असू शकते, पुढचा झटका मोठा येऊ शकतो. काका म्हणतात, "हात जरासा नाचला, त्याले काय दवाखाना लागते?"

तुमच्या शेवटच्या बाजाराच्या वेळी मी आठवीत होते, चपला घ्यायला तुमच्यासोबत बैलबाजारात आले होते. तुम्ही विकणाऱ्याचे दलाल, काका घेणाऱ्याचे. दोघांचे हात रुमालाखाली. तोंडाने कोणी भाव बोलत नाही, बोट दाबलं की तो शब्द. सौदा ठरला आणि तुमचं बोट काकांच्या मुठीत उडालं, जणू भाव वाढवला. काकांनी रुमाल ओढला. "दादा, ठरलेला भाव फिरवता? सख्ख्या भावासंगं?" मागून कोणीतरी ओरडलं, "भावालेच टोपी घालून राह्यले राजेहो!" तुम्ही एवढंच म्हणालात, "हे माह्यं नाही. बोट आपल्यानं उडालं." त्यावर सगळे आणखी हसले. त्याच आठवड्यात तुम्ही गोठ्यात पडलात, वाचा गेली, मग तुम्हीही. लोक म्हणाले, अपमान जिव्हारी लागला. काका अजून म्हणतात, दादानं एकदाच लबाडी केली, मी केव्हाच माफ केली.

तुमची तपासणी कधी झालीच नाही, त्यामुळे मी खात्रीने काही म्हणू शकत नाही. पण तुमचं बोटही अशाच झटक्याने उडालं असेल, हे काकांना सांगितलं तर ते नक्की इथे राहतील. आणि ती खूण सगळ्यात आधी त्यांच्याच मुठीत आली होती आणि त्यांनी तिला लबाडी म्हटलं, हेही त्यांना कळेल. म्हणून दोन दिवस मी गप्प आहे.

आज दुपारी त्यांनी चादरीखालून हात पुढे केला. "चाल, सौदा कर. किती दिवस?" त्यांनी एक बोट दाबलं. मी त्यांची चार धरली. ते कुरकुरले, "दादाची पोर शोभतेस" म्हणाले, शेवटी तीनवर आले. मी मान हलवणार तेवढ्यात त्यांचं बोट माझ्या मुठीत उडालं.

"हे नको धरू," ते घाईने म्हणाले. "हे माह्यं नाही."

मग ते चादर बाजूला करून हाताकडे बघत राहिले.

"दादाबी असंच म्हणला होता," ते म्हणाले. "पोरी, मंग त्याचंबी...?"

मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून येते. मी विचारायला गेले नाही. बाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. उद्या, गुरुवारी सकाळी डॉक्टर येतील, आणि त्याआधी काका मला पुन्हा विचारतील. त्यांना हो म्हणू का, ते आज रात्रीपर्यंत कळवा.