दादाच्या ताण्याची दोरी

आंधळगाव, १२ एप्रिल २००१
गोंदियाचा सेल्समन येऊन गेला. जिल्हा वेगळा झाला, माल अजून तिकडूनच येते. थंड्या बाटल्यांसोबत योयोचा खोका ठेवला. झाकणं जमवा, योयो न्या. म्हणे विलायती खेळ. अरे बाबू, आमचा आजा जत्रेतून लाखेची चकरी आणे, तेच हे प्लास्टिकचं! पोट्टे झाकणांसाठी मारामारी करून राहिले.

१६ एप्रिल
दोरी लवकर तुटते, कंपनी दुसरी देत नाही. पोट्टे डोकं खाऊन राहिले. दादा वारला तवापासून त्याच्या हातमागावर लुगडं अर्धंच पडलं आहे. आमच्याकडची रीत, विणणारा अर्ध्यात गेला तर घरच्यानं लुगडं पुरं करावं, तोवर ताण्याले, म्हणजे उभ्या धाग्यांले, कातर लावू नये. पण मले दुकानातून फुरसत कुठं? कडेचे धागे कापले, पिळून योयोच्या दोऱ्या केल्या, विकल्या. वहिनीले नाही सांगितलं.

१९ एप्रिल
पोट्टे योयो वापस घेऊन आले. खाली जाते, फिरत राहते, वर येत नाही. मीही फेकून पाहिला. खालून कोणी अलगद धरून ठेवल्यासारखं वाटलं. बाजारची दोरी बांधली तर नीट चालते. मग?

२० एप्रिल
छबी, दादाची पोरगी, बाप गेल्यापासून मुकीच. आज तिनं तोच योयो उचलला. खाली सोडला. फिरत राहिला. मग हळूच म्हणाली, "बाबा, सोडा." अन् सर्रकन वर आला.
पोरगी बोलली म्हणून वहिनी आनंदानं रडली. माझ्या अंगावर काटा.

२३ एप्रिल
छबी बोलते, पण खाली पाहून, योयोशीच. जेवणावर लक्ष नाही. आज तिच्या बोटावरची गाठ पाहिली, उलटी. दादा डावखुरा, त्याची गाठ उलटी पडे. ही दोरी मी बांधली होती. माझी गाठ सुलटी.
भेव लागून राहिलं.

२५ एप्रिल
दुकान बंद. फुकट बाटल्या वाटून दोऱ्या वापस घेतल्या, छबीची तेवढी राहिली. पीळ उकलून धागे ताण्याले जोडले, मागावर बसलो. वहिनीले सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, आता आठवण आली का भाऊजी. आडवा धागा नेणारा धोटा हातात बसत नाही, सवय मोडली.

३० एप्रिल
लुगडं होत आलं. कडेले बारीक फट राहिली, छबीच्या दोरीएवढी. तिले म्हटलं, दे बेटा, बाबाचं काम पुरं करू. तिनं हात पुढं केला. मी कातर घेतली.
"कापली तं बाबा चालले जातीन," म्हणाली. "मग मी कोणासंग बोलू, काका?"
वहिनीकडं पाहिलं. तिनं तोंड फिरवलं.
कातर मागावर ठेवून हे लिहून राहिलो. छबी समोरच बसली आहे, हात तसाच पुढं. योयो खाली फिरून राहिला.