न बनलेल्या खोक्यांची बिलं

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर दुसऱ्या मिनिटाला आपलं वाजतं, म्हणून हे पत्र. बाबांच्या मागे खोक्यांचा कारखाना तू नऊ वर्षं एकटीने ओढलास, पण त्या औषध कंपनीने तुला अगदी मेटाकुटीला आणलंय. माल आज घेणार, पैसे चार महिन्यांनी देणार. कागदवाला मात्र रोख मागतो आणि कामगारांना दर शनिवारी पगार हवा.

आमची कंपनी नेमकी यावरच जगते. तू तुझी बिलं आम्हाला विकायचीस. शंभराच्या बिलामागे ऐंशी रुपये तिसऱ्या दिवशी तुझ्या खात्यात. पुढे गिऱ्हाईक पैसे आम्हालाच भरणार. ते आले की आमचे तीन-चार रुपये कापून उरलेले तुला. गिऱ्हाइकाने दिले नाहीत तर ऐंशी तू परत करायचेस, हे आधीच सांगतो, नाहीतर नंतर मला बोल लावशील.

यात गहाण काही नाही, ताई. तुझेच पैसे तुला लवकर मिळणार. ज्यांचे पैसे अजून यायचे असतील ती सगळी बिलं एका फायलीत घालून धाडून दे. छाननी मीच करीन, परक्याच्या हाती जाणार नाही.

आईला नमस्कार. आहे तो लोभ वाढावा, रागावणं थोडं कमी व्हावं.

तुझा,
धाकटा


१९ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

फाईल पाठवली आहे. काल तिसऱ्यांदा औषध कंपनीच्या हिशेब खात्यात गेले होते. तिथला कारकून पेनाच्या टोपणाने कान कोरत होता. त्याच टोपणाने मला खुर्ची दाखवली, त्याच टोपणाने माझं बिल सरकवलं आणि म्हणाला की सही करणारे साहेब रजेवर आहेत. साहेब आतच होते, त्यांचा खोकला मला ऐकू येत होता. घरी येऊन दोनदा हात धुतले. म्हटलं, विकून टाकू ही बिलं, निदान हे तोंड परत बघायला नको.

बिलं निवडायला मला वेळ झाला नाही. कटिंग मशीनचं पातं मोडलं होतं, सगळा दिवस त्यात गेला. खणात होती ती बारा बिलं भोकं पाडून फायलीत लावली. औषध कंपनीची नऊ, आणि आपल्या बूटवाल्या काकांची तीन. तू बघून घेणार आहेस म्हणून निर्धास्त आहे.

आई बरी आहे. तू बारीक झालास का, असं तिने विचारलंय. मी सांगितलं की फोटोत तरी दिसत नाही.

तुझी,
ताई


२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल बूटवाले काका स्वतः आपला जिना चढून आले. वय सत्याहत्तर. तुमच्या वसुलीच्या माणसाने त्यांना आठवड्यात अकरा फोन केले. पहिल्या फोनवर विचारलं, चार हजार खोकी मिळाली का. काकांनी सरळ सांगितलं की अजून नाही, मी मागेन तशी ती बनवून देते. त्यावर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही दोघं मिळून खोटी बिलं करता. चाळीस वर्षांत ज्यांनी आपला एक पैसा थकवला नाही, त्यांना हे ऐकावं लागलं.

पाठोपाठ तुमची नोटीस आली. न दिलेल्या मालाची बिलं विकली, ही फसवणूक आहे, आठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर पोलीस. चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. काकांचं बिल आपण माल गेल्यावर करत नाही, शब्द दिला त्याच दिवशी फाडतो. मग पुढे कागद कितीही महागो, भाव हलत नाही. बाबांनी घालून दिलेली रीत. बाहेरचा माणूस ते बिल बघून माल पोचला असं धरणार, हे फाईल लावताना माझ्या डोक्यातच आलं नाही. आता ते पैसे कागदात आणि पगारात गेले. आठ दिवसांत कुठून उभे करू?

काका जाताना उलट मलाच धीर देऊन गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू काय करता येईल ते बघ.

तुझी,
ताई


७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

वसुलीवाले भाड्याचे असतात, त्यांना माणसांची पारख नसते. काकांची मी माफी मागीन. पण तू उगाच जीव टांगणीला लावून घेऊ नकोस. सोबत एक कागद आहे, माल पूर्ण मिळाला एवढंच त्यावर लिहिलंय. काकांची सही घे, की नोटीस रद्द. खोकी तू सावकाश दे, नाहीतरी देणारच आहेस. काका तुझा शब्द मोडायचे नाहीत.

एक विनंती. वर कुणाला पत्र लिहू नकोस. चौकशी लागली तर ती माझ्याही टेबलापर्यंत येते. घराचे हप्ते आहेत, मुलीची फी आहे, तुला सगळं ठाऊक आहे.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा


११ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझा कागद फाडून टाकला. तो हातात धरवेना.

तुझ्या टेबलाचा विषय तू काढलास आणि माझी ट्यूब पेटली. सातवीपासून दर सुट्टीत काकांची बिलं तूच लिहायचास. कोपऱ्यात ‘मागणीप्रमाणे’ असा शेरा मारायला बाबांनी तुला शिकवलं होतं, म्हणजे माल जायचाय हे आपल्याला कळावं. मी स्थळप्रती काढून बघितल्या. तिन्ही बिलांवर तो शेरा आहे. छाननी तू केलीस. तुला तो दिसला होता का? हो किंवा नाही, एवढंच कळव. हप्ते आणि फी मध्ये आणू नकोस.

तुमच्या ऑफिसकडे मी महिन्याची मुदत मागितली आहे. कटिंग मशीनला गिऱ्हाईक बघतेय. ते विकून पैसे भरीन. काकांना यात ओढायचं नाही.

ताई


२४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मिटलं सगळं! मशीन विकू नकोस. मी स्वतः काकांकडे जाऊन आलो. त्यांनी सही तर केलीच, वर तिन्ही बिलांचे पैसेही आठवड्यात भरून टाकले. नोटीस मागे घेतली आहे. तुझं खातं इतकं चोख ठरलं की यापुढे दुप्पट रकमेची बिलं घ्यायला आमचे साहेब तयार आहेत. त्यांनी मला शाबासकीही दिली. आता तरी हस.

हो किंवा नाही विचारलं होतंस. हो, दिसला होता. जून संपायला दोन दिवस राहिले होते आणि माझं टार्गेट तेवढ्याच तीन बिलांनी अडलं होतं. काका बुडवणार नाहीत याची खात्री होती म्हणूनच घेतली, दुसऱ्या कुणाची घेतली नसती. शेवटी कुणाचं काही बुडालं का, तूच सांग.

रुसवा सोडून दोन ओळी लिही.

तुझा,
धाकटा


१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

तीन आठवडे दोन पाळ्या लावून काकांची चार हजार खोकी पूर्ण केली. काल टेम्पो भरून घेऊन गेले. शटर अर्धंच वर होतं. आत कातड्याचा वास नाही, आवाज नाही. शिलाई मशीनं होती तिथे फरशीवर बोल्टची भोकं तेवढी उरली आहेत. काकांनी मशीनं विकून तुमचे पैसे भरले. सही केली नाही आणि पैसे भरले नाहीत तर ताई तुरुंगात जाईल, असं तू त्यांना सांगितलंस. हे मला त्यांच्या जुन्या कारागिराने सांगितलं. काकांनी त्याला बोलू नकोस म्हणून बजावलं होतं.

त्यांच्याकडे आता खोक्यात घालायला एक जोड नाही. तरी त्यांनी सगळी खोकी भिंतीशी रचून घेतली, शंभरा-शंभराचे थर मोजले आणि माल पूर्ण मिळाल्याची पावती मला लिहून दिली. मला चहा विचारला. तो न घेताच निघून आले.

कुणाचं काही बुडालं का, असं तू विचारलं होतंस. ते वाक्य मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला शिसारी आली. फाईल न बघता धाडणाऱ्या माझ्या हातांचीही आली. कटिंग मशीन आज सकाळी गेलं. आलेले पैसे काकांच्या खात्यात भरले. त्यांची मशीनं त्यातून परत येणार नाहीत, हे मला कळतं. आपला कारखाना आता हातकामावर जेवढा चालेल तेवढा चालेल. तुमच्या कंपनीला मी यापुढे एकही बिल विकणार नाही.

तुझ्या साहेबांना पत्र लिहिलं आहे. त्यात आधी माझी चूक आहे, मग तुझी. शेरा, टार्गेट, तू काकांना घातलेली भीती, सगळं आहे. नक्कल सोबत जोडली आहे. मुलीच्या फीचा विचार करून ते दोनदा फाडलं आणि दोनदा पुन्हा लिहिलं.

हे तुझं पाकीट मी आज टाकतेय. साहेबांचं उद्या टाकीन. म्हणजे तुझ्या हातात एक दिवस राहतो. त्या दिवसात तू आपल्या पायांनी त्यांच्या खोलीत गेलास आणि आपल्या तोंडाने सांगितलंस, तर माझं पत्र तुझ्या मागून पोचेल. बहीण म्हणून मला एवढंच देता आलं.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही.

ताई