चेन्नईच्या गाड्या बंद होत्या तेव्हा

आई, गेल्या आठवड्यात माझी चेन्नईची गाडी रद्द झाली. तुझ्या वेळेला हे कळायला स्टेशनावर जावं लागायचं, चौकशीच्या खिडकीपुढे उभं राहून भांडावं लागायचं. आता मोबाइलवर दोन ओळी येतात, पैसे परत मिळतील म्हणून सांगतात, आणि भांडायला समोर कोणी सापडत नाही. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं आणि ते चेन्नईच्या बाजूला निघालं होतं. किनाऱ्याला लागायला त्याला अजून अवकाश होता, पण रेल्वेने आधीच तिकडच्या गाड्या बंद करून टाकल्या. इथे जबलपुरात आभाळ स्वच्छ. मी गच्चीत उन्हाला पाठ देऊन मटार सोलत बसले होते, पनागरहून आलेला कोवळा मटार, मुलीकडे न्यायचा म्हणून. अशा उन्हात बसून वादळामुळे गाडी रद्द झाल्याचं वाचलं की कोणीतरी आपली थट्टा करतंय असं वाटतं.

तू गेलीस तेव्हा तुझी नात तिसरीत होती. आता ती नवऱ्याबरोबर चेन्नईला असते आणि तिला दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून मी खूप मागे लागले, पण तिची डॉक्टर तिथली, नोकरी तिथली, ती काही आली नाही. मग मीच जायचं ठरवलं. डिंकाचे लाडू केले, अळिवाचे केले, बाळंतविडा बांधला, तुझ्या दोन मऊ झालेल्या सुती साड्या फाडून दुपटी शिवली. हे म्हणाले, चेन्नईत सगळं मिळतं. मी म्हटलं, मिळू द्या. निवृत्तीनंतर आम्ही विशाखापट्टणम सोडून इथे जबलपुरात, रांझीला परत आलो तेव्हापासून यांना प्रत्येक गोष्ट कुठे आणि कितीला मिळते ते सांगायचा छंद लागलाय. तर असं सगळं सामान बांधून तयार, आणि गाडी रद्द. एवढं सामान बांधलेलं घरात पडून असलं की घरात चालायलाही जागा राहत नाही.

लगेच मुलीला फोन केला. तिचं मराठी तुला माहीत आहे, आता तर आणखीच खिचडी झाली आहे. "आई, तू टेन्शन मत ले," ती म्हणाली. "इथे सब रेडी आहे. पाणी भरून ठेवलंय, मोमबत्त्या आणल्या, खालच्या आंटी आहेत, हॉस्पिटल भी पास में है." मागे कोणीतरी तमिळमध्ये काहीतरी ओरडलं आणि ती हसली. खूप हसली, नवव्या महिन्यात माणूस हसतो तसं, धापा टाकत. मग म्हणाली, "जमलं तर ये, नाहीतर हम लोग मैनेज कर लेंगे." मी फोन ठेवला आणि बराच वेळ मटाराच्या टोपलीत नुसता हात घालून बसले. तिच्या आवाजात भीती नव्हती, त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

यांनी मात्र कंबर कसली. मोबाइल, पेन, चष्मा असा सगळा संसार जेवणाच्या टेबलावर मांडून बसले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत रस्ता शोधून काढला. नागपूरहून बंगळूरला जाणारी गाडी चालू होती, वादळ तिकडे जाणार नव्हतं. बंगळूरला उतरायचं, चेन्नईचे रस्ते सुरू असतील तर बसने निघायचं, नाहीतर तिथेच यांच्या जुन्या सोबत्याकडे थांबून वादळ ओसरलं की पहिल्या बसने. मी जागची उठले नाही तसे वैतागले. "काहून बसून राहिली अशी? तुझी आई असती तर आतापर्यंत इटारसीला पोचली असती." हे वाक्य आपल्या घरात मी किती वेळा ऐकलं असेल. लग्नात, आजारपणात, कोणाचंही जाणं लांबलं की तुझं नाव निघतं. तू माणसांपर्यंत पोचणारी बाई होतीस, हे सगळ्यांचं ठरून गेलं आहे.

आणि ते खोटंही नाही. कारखान्याच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. बाबांच्या पाळीचा भोंगा वाजून गेलाय, आणि तू दुधात कणीक भिजवून दशम्या लाटते आहेस. वर्धेकडचं कोणीतरी प्रयागला निघालंय आणि त्यांची गाडी जबलपूरवरून जाणार आहे. गाडी इथे जेमतेम चहा पिण्याइतकी थांबते, पण आपल्या गावावरून माणूस जातो आणि उपाशी जातो, हे तुला चालत नसे. दशम्या, जवसाची चटणी, खोव्याची जिलेबी असा डबा घेऊन तू मला ओढत स्टेशनावर नेतेस. डब्यांच्या खिडक्यांत वाकून वाकून नावाने हाका मारतेस. मला लाज वाटते, कॉलेजात जायला लागलेय ना मी. एकदा मी म्हटलं, यांनी कुठे मागितलाय डबा? तेव्हा फलाटावरच तू मला झापलंस. "मागितल्यावर देते त्याला हॉटेल म्हणते. चाल पुढं." मी चालले. खिडकीतल्या मावशींनी डबा घेतला आणि गाडी सुटेपर्यंत त्या रडत होत्या.

पण आई, ज्या प्रवासासाठी तुझं नाव घेतात, त्या प्रवासाबद्दल मला लिहायचंय. माझं नवीन लग्न झालेलं, यांची नोकरी विशाखापट्टणमच्या गोदीत, आणि तिथे वादळ येणार असं रेडिओवर तू ऐकलंस. हे वादळात गोदीतच राहणार, पोरगी एकटी, म्हणून तू निघालीस. छोट्या लाइनीच्या गाडीने गोंदियाला, तिथून रायपूरला. रायपूरला कळलं की पुढच्या गाड्या बंद. तिथले लोक तुला परत जा म्हणाले आणि तू जगदलपूरच्या बसमध्ये चढलीस. तिथून घाटातून पावसात आणखी एक बस, आणि शेवटी लष्कराच्या एका ट्रकवाल्याला "भैया, मेरी बेटी अकेली है" म्हणून त्याच्या ट्रकमधून. हे सगळं तू नंतर सांगितलंस, आणि मग ते सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मी कुठे होते ते मात्र कोणी सांगत नाही. सहा महिने मी त्या शहरात मुक्यासारखी राहिले होते. भाषा येत नव्हती, शेजारणींशी नुसतं हसायचं आणि दार लावून घ्यायचं. वादळाच्या दिवशी आमचं घर तळमजल्यावरचं आणि पक्कं म्हणून वरच्या आणि मागच्या चाळीतल्या बायका मुलंबाळं घेऊन माझ्याकडे आल्या. एका स्टोव्हवर आम्ही सगळ्यांचा भात शिजवला. माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूला त्या हसल्या, मीही हसले. कोणी माझ्या केसांना तेल लावलं. वारा थांबल्यावरही दुसऱ्या दिवशी कोणी घरी जाईना, अंगणातला पाला झाडून आम्ही चहा घेत बसलो होतो, आणि मी यांच्या साहेबाची नक्कल करून दाखवत होते. ते घर त्या दिवशी पहिल्यांदा माझं झालं होतं. आणि दारात तू. गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं, डोक्यावर कापडी पिशवी, पिशवीत दशम्या.

माझा चेहरा पडला. क्षणभरच. मग मी धावले, पिशवी घेतली, तुझ्या गळ्यात पडले, रडलेही, आणि त्या बायकांनाही डोळ्यांत पाणी आलं. पण तो क्षण त्याच्या आधी होता आणि तू तो पाहिलास. पदर पिळलास, आत आलीस आणि म्हणालीस, "काय वं, मीठ कुठं ठेवते तू?" तू स्वयंपाकाला लागलीस आणि शेजारणी एकेक करून उठून गेल्या. आठवडाभर तू राहिलीस, काही कमी पडू दिलं नाहीस, आणि त्यानंतर पुन्हा कधी आली नाहीस. तुझी पत्रं यायची. रिझर्वेशन नाही भेटलं. वेटिंगवर आहे. पुढच्या दिवाळीत पाहू. पहिल्या वर्षी मला हायसं वाटलं, हे खरं आहे. पुढे तुझी आठवण यायला लागली, मग राग यायला लागला. अख्ख्या वर्धा जिल्ह्याला डबे पोचवते आणि मुलीकडे यायला हिला गाडी मिळत नाही, असं मी यांच्यापाशी बडबडायचे. उन्हाळ्यात मी माहेरी यायचे तेव्हा मात्र आपण दोघी या विषयावर गप्प.

आता इथलं सांगते. बंगळूरचं तिकीट कन्फर्म मिळालं होतं, खालचा बर्थ. तो फोन झाल्यापासून माझ्या डोळ्यांपुढे एकच होतं: चेन्नईचं दार उघडतं, आत त्या खालच्या आंटी, हसणं, मोमबत्त्या, आणि माझी मुलगी वळून माझ्याकडे बघते. तिचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं. निघायच्या दिवशी मी यांना सांगितलं की कंबर धरली आहे, तिकीट परत करा. हे बिचारे गरम पाण्याची पिशवी घेऊन आले. मुलीला सांगितलं की सगळीकडच्या गाड्या बंद आहेत, तुझ्या बाबांनी खूप खटपट केली. वादळामुळे कोणालाच शंका आली नाही.

वादळ चेन्नईजवळून गेलं, तिच्या गल्लीत पाणी भरलं, आणि पाणी ओसरायच्या आत तिला कळा सुरू झाल्या. जावयाने आणि त्या आंटींनी तिला हॉस्पिटलात नेलं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. काल तिने फोन केला. बाळाचं रडणं ऐकवलं, टाके दुखतात म्हणून सांगितलं, आणि मग म्हणाली, "आई, गाडी असती तर तू आलीच असतीस, मुझे पता है. तरी ना, वॉर्डचं दार उघडलं की मला वाटायचं, तूच."

मी "हो ग" म्हटलं. गाड्या आता सुरू झाल्या आहेत, शुक्रवारचं तिकीट काढलंय, लाडू टिकतील. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मलाही कळतं. जे सांगायला हवं ते खरं म्हणजे चेन्नईला सांगायला हवं, आणि ते मी शुक्रवारी गाडीत बसून ठरवीन. तुला एवढंच विचारते, त्या सगळ्या दिवाळ्यांना तुझंही तिकीट निघालेलं असायचं का? मी उत्तरात 'हरकत नाही, पुढच्या वर्षी ये' लिहायचे. आणि दर दिवाळीला रायपूरकडची गाडी यायच्या वेळी, भाजी आणायची म्हणून पिशवी घेऊन निघायचे आणि विशाखापट्टणमच्या स्टेशनावर जाऊन उभी राहायचे.