सीझन संपला की बघू

८ एप्रिल

वाळू, वाळू, वाळू! ट्रेमध्ये वाळू, पलंगाखाली वाळू, माझ्या डब्यातसुद्धा कचकच. झाडलोट करणारे मामा म्हणतात, "सिस्टर, किनारा हलवून इकडेच आणलाय लोकांनी." आज जेलीफिश डसलेली दोन पोरं आणि स्वतःच्याच अंगठ्यात गळ घुसवून घेतलेले एक गृहस्थ. मासा एकही नाही, वर बायको हसतेय! शिवाय उन्हाने भाजून निघालेलं एक अख्खं कुटुंब. पाठ टेकता येईना, म्हणून चौघंही उभ्या उभ्या सलाइन द्या म्हणत होते.

सीझनपुरत्या नेमलेल्या डॉक्टरीणबाई रुजू झाल्या. तरुण आहेत. छत्रीशिवाय उन्हात पाऊल टाकत नाहीत, म्हणून मामांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं — छत्रीबाई. ओपीडी आटोपल्यावर विचारतात, "सिस्टर, सगळे पाहुणेच आले. गावातले पेशंट कुठायत?"

हसूच आलं. म्हटलं, बाई, सीझनमध्ये या गावात कुणी आजारी पडत नाही आणि कुणी मरत नाही. दोन्ही कामं जूनपासून. लॉजवाले, बोटवाले, धोबी, आइस्क्रीमवाले — सगळे दुखणं अंगावर काढतात. "बघू, सीझन संपला की."

त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "पण सीझन संपला की मी जाणार ना!"

खरंच की. मागची दोन वर्षं हेच चाललंय. जूनपासून इथे मी, मामा, आणि आठवड्यातून एकदा गाडीतून येणारे डॉक्टरसाहेब. ते गाडीतून उतरतात तेच घड्याळ बघत.

९ एप्रिल

जेलीफिश पाच. बाकी काही नाही.

१७ एप्रिल

ताईकडे गेले होते. किनाऱ्याच्या रस्त्यावरचं तिचं लॉज खच्चून भरलेलं. ताई चादरी पिळत होती. एवढ्या उकाड्यात गळ्याला रुमाल! वाकली तेव्हा तो सरकला आणि मला दिसली — गाठ. गळ्याशी, एका बाजूला, चांगली सुपारीएवढी.

"हे काय गं? कधीपासून?"

"काही नाही. बघू, सीझन संपला की."

माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गावाला हे सांगून सांगून माझा घसा बसला, आणि घरातच हे! खूप बोलले. ती शांतपणे चादर झटकत राहिली. शेवटी म्हणते, "लोका सांगे ब्रह्मज्ञान. आत्ता वर येताना जिन्यात मध्येच का बसलीस?"

"चपलेचा पट्टा लावत होते."

"तुझ्या चपलेला पट्टा नाहीये."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. चपला संध्याकाळी घट्ट होतात, एवढंच. दिवसभर उभं राहिलं की कुणाचेही पाय सुजतात.

२६ एप्रिल

छत्रीबाईंना सांगितलं. "लगेच घेऊन या. सुईने थोडं पाणी काढून तपासायला पाठवू. आत्ता कळलं तर पुढचं सगळं सोपं." आणि उशिरा कळलं तर? ते मी विचारलं नाही. इतकी वर्षं या कामात काढल्यावर विचारावं लागत नाही.

ताई म्हणते, एक जूनला पहाटे दारात येऊन उभी राहते बघ. मी म्हटलं, एक जूनला दारात कोण असणार आहे? मामा आणि झाडू!

३ मे

सुचलं! रात्रभर कूस बदलत होते, उजाडता उजाडता सुचलं.

ताई हॉस्पिटलला नाही म्हणू शकते, मला नाही म्हणू शकते, पण गिऱ्हाईकाला? उभ्या जन्मात नाही. गिऱ्हाईकाने टाकीवर चढायला सांगितलं तर चढेल. आणि बाईंची खोली आहे नेमकी जनरेटरच्या बाजूला, बिचारीला झोप नाही. जाऊन ताईला म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना जागा हवीय, महिनाअखेरपर्यंत." एकही खोली रिकामी नाही, तर बयेने स्वतःची खोली दिली आणि अंथरूण स्वयंपाकघरात नेलं!

आता बघते कशी सुटते.

११ मे

आठवडा झाला! रोज सकाळी विचारते, "बघितलीत का गाठ?" रोज उत्तर — "अजून नाही. चहा मात्र फार छान करतात हं." काल तर दोघी मिळून चादरींच्या घड्या घालत होत्या. मी काय चहा प्यायला पाठवलं होतं? माझीच चूक. पोरगी लाघवी आहे, ताईने तिलाच खिशात घातलं.

१३ मे

ताई आली!!

भर दुपारी. आपणहून. रुमाल न बांधता. रांगेत बसली — एका बाजूला पाय मुरगळलेला पाहुणा, दुसऱ्या बाजूला कानात पाणी गेलेली त्याची मेव्हणी. मला बघून न बघितल्यासारखं केलं. सुई घातली तेव्हा हात मात्र माझाच धरला, आणि असा आवळला की अजून दुखतोय. नमुना शहरात गेला.

"कसं काय ऐकलं हो तिने?" बाईंना विचारलं.

"गिऱ्हाईकाचं ऐकावंच लागतं," म्हणाल्या, आणि ताईकडे बघून हसल्या. ताईपण हसली. काहीतरी शिजतंय दोघींचं.

१६ मे

धोबी आला. कमरेला पट्टा आवळून हर्निया दाबून ठेवला होता, माघापासून — नाही, त्याहीआधीपासून म्हणे. पाठोपाठ आइस्क्रीमवाली, तिची साखर मोजली तर मशीनच बावचळलं. "तुमच्या ताई बसल्या, मग आम्हाला कसली लाज?" म्हणाली. काय बोलणार! बेंच पुरेना, मामांनी आतून खुर्च्या आणल्या.

२० मे

रिपोर्ट नाही.

बाई आज उगाचच माझं मनगट धरून बसल्या. "सिस्टर, तुमचं बीपी घेऊ? छाती तपासू?" म्हटलं, माझं कशाला, बाहेर रांग बघा! आणि सटकले. डॉक्टरांना रिकामा हात दिसला की नाडी बघावीशी वाटतेच.

२४ मे

रिपोर्ट नाही. फोन केला, तर म्हणे उद्या. कालही उद्याच म्हणाले होते.

मला भीती वाटते. इथेच लिहिते, बाहेर कुणाला सांगायची सोय नाही — सिस्टर घाबरली तर वॉर्ड घाबरतो. आई गेली तेव्हा मी लहान होते. वेणी ताईने घातली, पोहायला ताईने शिकवलं. पाठीवर घेऊन लाटेत शिरायची आणि ओरडायची, "सोडू? सोडू?" कधी सोडलं नाही. तिला काही झालं तर मी काय करू? या वयात पोरकं होतात का माणसं? होत असावीत.

३० मे

गाठ साधी आहे! साधी!! गोळ्या घ्यायच्या, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, बस्स.

चादरींच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. मामांनी दार लोटून घेतलं आणि बाहेर उगाचच जोरजोरात झाडत बसले. ताईला सांगितलं तर म्हणते, "मला माहीत होतं." काही माहीत नव्हतं. डोळे बघितले ना मी.

३१ मे

दुपारी पाहुण्यांची शेवटची बस गेली. ओपीडी रिकामी. बाईंची बॅग भरून तयार, गाडी उद्या सकाळी. निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून आत गेले, तर त्यांनी खुर्ची पुढे केली.

"बसा सिस्टर. ताई माझ्याकडे एका अटीवर आल्या होत्या. म्हणाल्या, मी येते, पण जायच्या आधी माझ्या धाकटीला तपासायचं. ती जिन्यात बसते."

"अहो, मला काय धाड भरलीय? बघू की, सीझन संपला —"

"संपला. आत्ता, दुपारी."

उठले. दार उघडेना. बाहेरून ताईने धरून ठेवलं होतं.

बसले. बाही वर केली.