लॅमिनेट केलेला सीझन

बाबा, काल ऑफिसात एका नव्या मुलीनं केलेला प्लॅन बघताना मी तिला विचारलं, "वरचं काम एक दिवस सरकलं तर खालचं आपोआप सरकतं का? मग जोडलं का नाहीस?" ती बिचारी मान खाली घालून बसली आणि माझ्या लक्षात आलं की आवाज तेवढा माझा, बाकी सगळं तुमचं. प्रश्न विचारून झाल्यावर चष्मा काढून पुसायची सवयसुद्धा. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. त्या मुलीला या चुकीवरून झापायचा मला काडीचा अधिकार नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि तो का नाही ते आज तुम्हाला सांगून टाकावं म्हणून लिहायला बसले आहे.

कतारमध्ये दुखानला तेलकंपनीत तुम्ही शटडाऊनचे प्लॅनर होता. प्लांट काही दिवस बंद ठेवून दुरुस्ती करायची, तर कुठलं काम कुणी, कधी, किती तासांत करायचं ते महिनोनमहिने आधी कागदावर मांडायचं, हा तुमचा धंदा, आणि दुर्दैवानं छंदही. नाशिकला सुट्टीवर जाताना कुठली बॅग कुणी कधी बंद करायची याचासुद्धा तक्ता असे. जेवताना तुमचं एक वाक्य ठरलेलं असायचं, की एक नट जरी राहिला तरी पुढचं काम सुरू करायचं नाही. आई म्हणायची, मग आधी तो भात संपवा, ताक नंतर. मी दहावीत गेले त्या उन्हाळ्यात मात्र घरात एका गोष्टीवर कुणीच बोलत नव्हतं. आखातातल्या आपल्या लोकांत तेव्हा रिवाजच होता, दहावी झाली की पोर भारतात. माझं पुण्याला आत्याकडे जायचं ठरलं होतं. मग एका दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, तुम्ही जाहीर केलंत की येत्या सीझनमध्ये दोह्यातल्या एका क्लबाचे तिथे होणारे सगळे बास्केटबॉलचे सामने आपण दोघांनी बघायचे, एकही चुकवायचा नाही. मी का म्हणून विचारलं. "तुझा इथला शेवटचा हिवाळा आहे," एवढंच म्हणालात आणि पेन्सिलीला टोक काढायला लागलात.

बास्केटबॉलच का, तर मी शाळेच्या संघात होते, म्हणजे संघाच्या बाकावर होते. तुम्हाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. वर्कशॉपमधल्या फिलिपिनो वेल्डरकडून तुम्ही नियमांची पुस्तिका आणलीत आणि पंपाचं मॅन्युअल वाचावं तशी पिवळ्या मार्करनं रंगवून टाकलीत. चाळीस मिनिटांचा खेळ संपायला पावणेदोन तास लागतात हे त्याच वेल्डरनं सांगितल्यावर तुम्ही दोन दिवस अस्वस्थ होता. मग फ्रिजच्या दारावर तक्ता चढला. हिरव्या पट्ट्या सामन्यांच्या, लाल माझ्या परीक्षांच्या, पिवळ्या आईच्या. दर सामन्याला पेट्रोल, टायरमधली हवा, निघायची वेळ, तास-सव्वा तासाचा रस्ता, आणि आईच्या अटीप्रमाणे त्या रस्त्यात माझा इतिहासाचा एक धडा. पिवळ्या पट्टीवर थालिपिठाची वेळ होती, तीन दहा ते तीन पस्तीस, आणि शेजारी दहा मिनिटांचा फ्लोट, म्हणजे उशीर झालाच तर चालेल एवढी सवलत. आईनं ते चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "माझ्या थालिपिठाला फ्लोट लागत नाही, तवा लागतो. तो तुम्ही गाडीखाली तेल धरायला नेलाय." तक्त्याच्या अगदी शेवटी एक निळी पट्टी होती. तिच्यावर नुसतं 'पुणे' लिहिलं होतं. मग तुम्ही तो सगळा कागद ऑफिसातून लॅमिनेट करून आणलात आणि प्लॅन आता गोठला, कुणी हात लावायचा नाही, असं बजावलंत.

जुलैतच तुम्ही क्लबाला पत्र लिहून अख्ख्या सीझनसाठी दोन खुर्च्या राखून ठेवायची विनंती केली होती. पहिल्या सामन्याला पोचलो तर एवढ्या मोठ्या हॉलमध्ये जेमतेम साठ-सत्तर डोकी, त्यातली निम्मी खेळाडूंच्या घरची, आणि तिकीट वगैरे काही नाहीच. पण क्लबाचे सेक्रेटरी, एक वयस्क सुदानी गृहस्थ, तुमचं पत्र हातात घेऊन दारात उभे होते. "मुहंदिस?" त्यांनी विचारलं, म्हणजे इंजिनिअरसाहेब आपणच का. त्यांनी खरोखरच दोन खुर्च्यांवर 'राखीव' अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, अरबीत आणि इंग्रजीत, आणि त्या खुर्च्या नेमक्या खांबामागच्या होत्या. सगळा हॉल मोकळा असताना आपण सीझनभर खांबामागे बसलो, कारण दुसरीकडे बसणं हा त्यांचा अपमान झाला असता. मी डावीकडून वाकून बघायची, तुम्ही उजवीकडून.

सुरुवातीला तुम्ही स्टॉपवॉच आणि वही घेऊन बसायचात. उंचापुरा अमेरिकन खेळाडू बास्केट करायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि तुम्ही मला कोपरानं ढोसून सांगायचात की आज फरशी पुसण्यात चार मिनिटं वाया गेली. तिसऱ्या-चौथ्या सामन्यापासून वही मांडीवर तशीच पडून राहायला लागली. एकदा शेवटच्या क्षणाला चेंडू आत गेला तेव्हा तुम्ही उभे राहून "शाब्बास रे पठ्ठ्या" असं ओरडलात आणि त्या अमेरिकनानं वर बघून हात केला. त्या दिवशी परतताना इतिहासाचा धडा झालाच नाही, आणि दोघंही आईला झाला म्हणून सांगून मोकळे झालो. मला ते दिवस फार आवडायचे, बाबा. एरवी तुम्ही कंपनीचे असायचात. दुखानच्या त्या सरळसोट रस्त्यावर तुम्ही माझे असायचात. घरी आल्यावर तुम्ही तक्त्यावर बरोबरची खूण करायचात, आणि मी निळ्या पट्टीपर्यंत किती हिरव्या उरल्या ते मोजायची.

ईदच्या सुट्टीतला सामना तेवढा वेगळा होता. क्लबाच्या वेळापत्रकात त्याला तारीख नव्हती, ईदच्या तिसऱ्या दिवशी एवढंच होतं, कारण चंद्र दिसल्याशिवाय तारीख कोण देणार? तुम्ही दिलीत. स्वयंपाकघरात नाशिकहून आणलेलं कॅलेंडर होतं. त्यावर तुम्ही चतुर्थीसाठी विसंबायचात तसेच ईदसाठीही विसंबलात, आणि पुढे दिवस मोजून पट्टी मारलीत. आखातात ईद बहुतेक वेळा एक दिवस आधी येते हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या वर्षीही आली. शेजारच्या रत्नागिरीच्या खाला सकाळीच शीरखुर्मा घेऊन आल्या, तेव्हा आईनं तुम्हाला कॅलेंडरवरून चिडवलं. "कॅलेंडर तुमचा नाशकाचा, चांद इथला," खाला म्हणाल्या, "कसा जमल?" तुम्हीही हसलात, शीरखुर्मा दोनदा घेतलात, आणि फ्रिजच्या दारावरची पट्टी जिथल्या तिथे राहिली.

पट्टीप्रमाणे आपण गेलो. थालीपीठ वेळेवर, हवा वेळेवर, सगळं वेळेवर. हॉलसमोर एकही गाडी नव्हती. सेक्रेटरी आपल्या खोलीत एकटेच चहा पीत बसले होते. "मुहंदिस, मॅच काल," ते कळवळून म्हणाले, "खलास." मग आपल्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी सांगितलं की काल आपल्या खुर्च्यांवर त्यांनी कुणाला बसू दिलं नाही. तुम्ही त्यांचे आभार मानलेत, चहा घेतलात, गाडीत येऊन बसलात आणि किल्ली न फिरवता म्हणालात, "ईदला जोडलंच नाही मी ते. नुसती तारीख टाकली." याच चुकीवरून तुम्ही ऑफिसात लोकांना सोलून काढायचात. मी रडायला लागले तशी तुमची आणखीच तारांबळ उडाली. "रडू नकोस. चूक माझी आहे," म्हणालात. "सॉरी, बाळा." पुढे घरी कुणीही जेवायला आलं की तुम्ही ही गोष्ट सांगायचात, कंपनीच्या प्लॅनरचं चंद्राला विचारायचं राहिलं म्हणून, आणि सगळ्यांत आधी तुम्हीच हसायचात.

बाकीचे सगळे सामने झाले. जूनमध्ये पुण्याची बॅग भरताना मी तुम्हाला म्हटलं, "बाबा, एक मॅच राहिलीय. मग पुढचं काम कसं सुरू होईल?" तुम्ही बॅगेचा पट्टा आवळत होता. आवळून झाला तरी आवळत राहिलात. "त्याला ते जोडलेलं नाही गं," म्हणालात.

पुढच्या हिवाळ्यात आत्याच्या पत्त्यावर तुमचं पत्र आलं. ईदचा सामना बघून आलो, या वेळी चंद्राची बातमी ऐकून मगच तारीख धरली, असं लिहिलं होतं. तुझ्या खुर्चीवर सेक्रेटरींनी आपला कोट ठेवला होता. तक्त्यावर खूण केलेली नाही, कारण काम दोन माणसांचं होतं. ते पत्र मी आत्याच्या मोरीत दार लावून वाचलं.

आता सांगते. त्या ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी घेऊन मी फ्रिजसमोर उभी होते आणि मी बोटांवर मोजलं होतं. मॅच एक दिवस आधी आली हे मला तेव्हाच कळलं होतं. एक काम राहिलं की तुम्ही पुढचं सुरू करत नाही, हे मी जन्मभर ऐकत आले होते, आणि पंधराव्या वर्षीही तुमचं प्रत्येक वाक्य मला खरं वाटायचं. मी गप्प बसले. मॅच चालू होती त्या संध्याकाळी आपण घरी पत्ते खेळत होतो आणि तुम्ही मला मुद्दाम जिंकू देत होता. दुसऱ्या दिवशी गाडीत मी रडले ते मॅचसाठी नव्हे. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते टाकलं असतं असं नाही. तुम्ही समोर बसून ती गोष्ट सांगायचात तेव्हा मी पाहुण्यांबरोबर हसतच होते. तुम्ही मला सॉरी म्हणालात, बाबा, आणि मी ते ठेवून घेतलं.