साठीची पेज आणि एकच शाल

म्हसा, ता. मुरबाड
९ जून २००३

ती. लहानीआक्कास,
सविनय जय भीम. तुझे गुडघे आणि वाशिंदचा नळ दोन्ही बरे चालत असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत. सगळ्यांत मला धरू नकोस.

अठ्ठाविसाव्या वर्षी मी पहिली कादंबरी लिहिली आणि तिच्यात साठीचा एक म्हातारा घातला, हे तुला ठाऊकच आहे. साठी तेव्हा फार लांब वाटायची, त्यामुळे त्याचे हाल करताना मी हात आखडता घेतला नाही. दात काढले, नजर काढली, ओटीवर खाट टाकली आणि चाळीस पानं नुसती पेज पाजली. वर तो स्वतःच सुनेला म्हणतो, माजी जीभ गेली गो, मला पेजच दे. त्या वाक्याला लोक रडले. मीही रडलो. (तू तेवढी रडली नाहीस. त्याला जरा सुकट का देत नाय, असं विचारलंस. मी तुला अडाणी म्हणालो होतो, तो शब्द मागे घेतो.)

तर एक जूनला गावच्या वाचनालयानं माझ्या साठीचा सत्कार ठेवला. शाळेत घालताना गुरुजींनी आमच्या अख्ख्या वर्गाची जन्मतारीख एकच लिहून टाकली होती, एक जून, सालासकट. हे मी विसरलो होतो, वर्ग विसरला नव्हता. बारकू, मंगळू आणि अनंता इस्त्रीचे कपडे घालून सरळ स्टेजवर चढले. बारकू (जो मला खांद्यावर बसवून ओढा पार करायचा, आता तूच हिशोब कर) माइकवर म्हणाला, "माजी पन आज साठी हाये. दाखला आणलाय." शाल एकच होती. ती चौघांवर आडवी पांघरून फोटो काढला, आणि फोटोनंतर बारकूच्या अंगावर राहिली ती राहिलीच.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला त्रास दिला नसता. पण ग्रंथपाल हरेशनं, लेखकानं म्हातारपण किती आधी ओळखलं होतं हे दाखवायला, ते पेजेचं पान मोठ्यानं वाचलं. पहिल्या रांगेत आमची सून कविता बसलेली. तिनं आजवर माझं एक अक्षरही वाचलं नव्हतं, म्हणून तर घर सुखात होतं. तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी माझी खाट ओटीवर आणि पुढ्यात पेज. मी म्हटलं, अगो, माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत (एकतीस आहेत, पण तिला कुठं मोजायचेत). त्यावर ती म्हणाली, "लाजू नका बाबा. तुमच्या मनातलं तुमीच लिवलंय." आज आठ दिवस झाले. आत बोंबील भाजतात आणि मी ओटीवर वास घेत बसतो. माझं लेखन एवढं परिणामकारक आहे हे आधी कळतं तर त्या म्हाताऱ्याला रोज कोंबडी खाऊ घातली असती.

तेव्हा आक्का, तू माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, माझा जन्म तुझ्या डोळ्यांदेखतचा. यमाजी अजून सत्तावन्नचाच आहे, अशा दोन ओळी कविताला लिहून पाठव. तुझं ती ऐकते.

तुझा धाकटा (दाखला काहीही म्हणो),
यमाजी

ता. क. एवढं खोटं लिहवत नसेल तर येताना सुकट आण. ओटीवर कुणी बघत नाही.

आणखी एक ता. क. कादंबरीची नवी आवृत्ती निघते आहे. साठी खोडून सत्तरी करायचं ठरवलंय, पण सत्तरीतलं मला काय कळतं? तू तिथं पोचली आहेस. सुकट अजून पूर्वीसारखीच लागते का गो? लागत असेल तर मी एक प्रकरण वाढवतो. लागत नसेल तर मात्र खोटं लिही.